नगरचे बंदर आणि नाखव्याचे वादळ

नगर जिल्ह्यातला माणूस होडीवर बोलायला लागला की ऐकणारे हसतात. आमच्याकडे पाण्याचे टँकर मोजतात, होड्या नाही. कोकणी माणूस वादळ येते का म्हणून आभाळाकडे बघतो, आम्ही एखादा ढग तरी येतो का म्हणून. पण इतिहासाची पाने उलटली की ध्यानात येते, आज अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहराच्या राज्याला एके काळी स्वतःचे बंदर होते. त्याचे नाव चौल.

चौल आज रायगड जिल्ह्यात आहे. अलिबागच्या दक्षिणेला, कुंडलिकेच्या मुखाजवळ. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायचा घोडा घेऊन तिथे उतरला आणि घाट चढून जुन्नरला गेला. पावसाळा लागला आणि तो तिथेच अडकून पडला. पुढे १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाही स्थापली आणि चौल हे त्या राज्याचे समुद्राकडचे दार झाले. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या संमतीने पोर्तुगीजांनी रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला. त्याच पोर्तुगीजांना १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने वेढा घातला, पण ठाणे काही हाती आले नाही.

हे सारे पुस्तकांत आहे. ज्यांच्या गलबतांवर हा व्यापार चालला, त्या नाखव्यांची नावे मात्र फारशी कुठे सापडत नाहीत. ‘नाखवा’ हा शब्द फारसीतल्या ‘नाखुदा’चा. फारसीतही नावेला नावच म्हणतात आणि खुदा म्हणजे धनी. नावेचा धनी तो नाखवा. मानाचा शब्द आहे, पण या धनीपणात चिंताच जास्त.

लाकडी होडी विकत घेतली म्हणजे काम संपत नाही, तिथून ते सुरू होते. खाऱ्या पाण्यातला किडा लाकूड पोखरतो. म्हणून पाऊस तोंडावर आला की होडी किनाऱ्यावर ओढायची. तळाखाली ओंडके टाकायचे, दोन्ही बाजूंनी माणसे लावायची आणि एका सुरात हाक देत ती वर घ्यायची. मग ती घरासारखी शाकारायची. फळ्यांच्या फटींत कापूस आणि राळ ठासायची, तळाला तेल चोपडायचे, कुजलेली फळी बदलायची. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की पुन्हा पाण्यात. समुद्राचे आणि माणसाचे हे ठरलेले वेळापत्रक होते. वादळ ते मोडते.

आणि वादळात जहाज फुटले तर? रायगडावर १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडेन हा इंग्रजांचा वकील आला होता. त्याच्या मागण्यांत एक अशी होती, की वादळाने किनाऱ्याला लागलेली इंग्रजांची जहाजे आणि त्यांवरचा माल परत मिळावा. शिवाजी महाराज याला सहजी राजी नव्हते. फुटलेल्या जहाजाचा माल सरकारचा, हा कोकण किनाऱ्याचा जुना रिवाज. एकाला सूट दिली तर फ्रेंच आणि डचही ती मागणार. वाचलेल्या माणसांना मात्र आसरा द्यायला त्यांची ना नव्हती. असा हक्क युरोपातले राजेही सांगत. म्हणजे धन्याला वादळ दोनदा लागायचे, एकदा समुद्रात आणि एकदा किनाऱ्यावर.

आता तो रिवाज राहिला नाही. सरकार माल घेत नाही, उलट मदत देते. पण किती? ११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ आले ते मासेमारीच्या हंगामात. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ आले ते नेमके चौलच्या परिसरात, ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने. १ जूनपासून मासेमारी बंद असते, म्हणून बहुतेक होड्या किनाऱ्याला होत्या. पण अशा वाऱ्यात बांधलेल्या होड्याही एकमेकींवर आदळतात. त्यात टाळेबंदीचे दिवस. झाडे पडून रस्ते बंद झालेले, गावोगाव वीज गेलेली. होडी उचलायला क्रेन कुठून आणायची? बंदराच्या वाटेत एखादी होडी बुडून राहिली तर भरतीच्या पाण्यात ती दिसत नाही, आणि पुढची होडी तिच्यावर आपटते. तुटलेली जाळी इंजिनाच्या पंख्यात गुंततात. खाडीचे तोंड गाळाने भरते. वादळ गेले तरी धोका पाण्याखाली बसून राहतो.

२०१५ ते २०२० या काळातल्या केंद्राच्या निकषांनुसार अंशतः नुकसान झालेल्या होडीच्या दुरुस्तीला ४,१०० रुपये आणि पूर्ण नष्ट झालेल्या होडीला ९,६०० रुपये ठरले होते. ‘निसर्ग’नंतर राज्याने आपल्या पदरची भर घातली. तरी नवी होडी कोणत्या किनाऱ्यावर या पैशात मिळते, ते कोणत्याही नाखव्याला विचारा.

‘निसर्ग’ किनाऱ्यावर थांबले नाही. ते घाट चढून जुन्नरच्या मुलखातून नाशिककडे गेले. निकितिन ज्या दिशेने घाटावर आला, त्याच दिशेने साडेपाचशे वर्षांनी वादळ आले. तेव्हा हा विषय आपला नाही, असे म्हणून चालणार नाही. उत्तरेला जायकवाडीचे पाणी शेवगाव-नेवाशापर्यंत पसरते, दक्षिणेला भीमा वाहते. सिद्धटेकला पूल होण्याआधी भाविक होडीनेच नदी ओलांडत. त्याच भीमेवरच्या उजनीच्या पाण्यात २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट अचानक आलेल्या वाऱ्याने उलटली. सात जणांपैकी एक पोहून आला, सहा जण गेले.

धरणे झाली, पाणी आले, पण पाण्याबरोबर जगायची रीत आपण शिकलो नाही. कोकणच्या नाखव्याकडे ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तेव्हा पुढच्या वेळी होडीत पाय ठेवण्याआधी होडीवाल्याला दोन गोष्टी विचारा. दादा, होडीची डागडुजी कधी केलीत? आणि आज वारा कसा आहे? तो ‘आज नको’ म्हणाला, तर त्याचे ऐका. एक खेप बुडाल्याचे दुःख त्याला तुमच्याहून जास्त असते.