कीटकांतील स्पर्धा : साग आणि ऐन (नागभीड परिसर)

एकाच झाडावर पोसणाऱ्या निरनिराळ्या कीटकजातींमध्ये अन्न व जागेसाठी चालणारी चढाओढ. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात, 2018 मध्ये अभयारण्य झालेल्या घोडाझरीसारख्या पानझडी जंगलांत, तिची दोन अगदी वेगळी रूपे आढळतात.

सागावर दोन पतंगांच्या अळ्या वाढतात. हिब्लिया प्युएरा पावसाळ्याच्या तोंडाशी कोवळ्या पालवीवर येते आणि मोठ्या शिरा तेवढ्या शिल्लक ठेवते. युटेक्टोना मॅकिरॅलिस येते ती पान निबर झाल्यावर. शिरांमधला हिरवा गर खाते, शिरांना तोंड लावत नाही. असे पान उजेडात धरले की नुसती जाळी दिसते. पावसाळा सरताना उभे सागवान भाजल्यासारखे तांबूस पडते, ते हिच्यामुळे. झाड एक, पंगती दोन. त्यामुळे भांडण फारसे होत नाही.

रान हिरवेगार असताना पानखाऊ किडे एकमेकांशी कशाला झगडतील, त्यांना आवर घालतात ते त्यांचे शत्रू, असा मुद्दा हेअरस्टन, स्मिथ व स्लोबॉडकिन यांनी 1960 मध्ये मांडला. तो दीर्घकाळ प्रभावी राहिला. कॅप्लन व डेनो यांच्या 2007 च्या आढाव्यात मात्र स्पर्धा सर्रास आढळली, आणि तीही बहुधा झाडात होणाऱ्या बदलांमार्फत.

ऐनावर (झाडीपट्टीतला ‘येन’) नेमके हेच घडते. येथे टसर रेशमाची, म्हणजे कोशाची अळी पाळतात. हे काम परंपरेने ढिवर समाजाचे. अळीचे बहुतेक खाणे शेवटच्या, पाचव्या अवस्थेत होते, आणि तेव्हा पाला कमी पडून चालत नाही. ट्रायोझा फ्लेचेरी हा इवलासा रसशोषक किडा पानावर गाठी उठवतो. गाठाळलेले पान निकस होते. टसरच्या अळीसमोर पाला असतो, पण खाण्याजोगा नसतो. दोघांची गाठही पडत नाही, तरी एकाने दुसऱ्याचे ताट बिघडवलेले असते. पहिल्या पावसासरशी जमिनीतून निघणारे भुंगेरे रात्री पाला खातात, ती स्पर्धा उघड. अळ्यांवर तुटून पडणारे लाल मुंगळे व ढेकूण मात्र भक्षक होत. त्यांना स्पर्धक म्हणू नये.

या चढाओढीत माणूस तटस्थ नसतो. पाला संपला की पाळणारा अळ्यांसकट डहाळी कापून दुसऱ्या झाडावर ठेवतो. ते गाठींचे निघाले, तर त्यापुढच्या.