एक सेन्सर, दोन प्रश्न : घरातील उपस्थिती-सेन्सरची जोडणी

१. प्रश्नाचे स्वरूप

खोलीत माणूस आहे का, हे घरातल्या दोन यंत्रणांना जाणून घ्यायचे असते. सुरक्षा-पॅनेल विचारते, ‘जिथे कोणी नसावे तिथे कोणी आले का?’ दिवे-पंखे सांभाळणारी यंत्रणा विचारते, ‘आत असलेला माणूस अजून आतच आहे का?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका हालचालीत मिळते, तर दुसऱ्याचे उत्तर हालचाल थांबल्यानंतर द्यावे लागते. चुकीची किंमतही निरनिराळी आहे. पहारा देणारा सेन्सर गप्प बसला तर घरफोडीची वर्दी मिळत नाही. दिव्याचा सेन्सर गप्प बसला तर स्नानगृहातली आजी अंधारात पाय टाकते.

तरीही एकाच सेन्सरकडून ही दोन्ही कामे घेता येतात. त्यासाठी जोडणीत एक सूत्र सांभाळावे लागते : बिघाड हा बिघाड म्हणूनच पॅनेलपर्यंत पोचला पाहिजे. पुढील विवेचन या सूत्राचेच आहे.

२. सेन्सरला काय दिसते

घराघरांत बसवला जातो तो प्रामुख्याने पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) सेन्सर. तो स्वतः काही सोडत नाही, फक्त अवरक्त किरण टिपतो. मानवी शरीरातून असे किरण सुमारे ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीला सर्वाधिक बाहेर पडतात. सेन्सरच्या आत पायरोइलेक्ट्रिक पदार्थाचे दोन भाग उलट ध्रुवतेने जोडलेले असतात, आणि समोरचे फ्रेनेल भिंग खोलीचे पट्टे पाडते. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की दोन भागांवर ऊब मागेपुढे पडते. या फरकातून संकेत तयार होतो.

यातून तीन गोष्टी निघतात. आडवा चालणारा माणूस चटकन टिपला जातो, सेन्सरच्या दिशेने सरळ येणारा उशिरा. निश्चल माणूस दिसतच नाही. आणि भिंतींचे तापमान त्वचेच्या जवळ पोचले की संकेत क्षीण होतो. विदर्भातल्या मे महिन्यात बंद खोलीत नेमके हेच घडते.

मायक्रोवेव्ह किंवा रडार सेन्सर परावर्तित लहरींतला बदल मोजतो. त्याला उष्णतेचे बंधन नाही, बारीक हालचालही तो पकडतो. परंतु लाकडी दार आणि पातळ विभाजक भिंत ओलांडून पलीकडची हालचालही तो टिपू शकतो, आणि फिरता छताचा पंखा त्याला हालचालच वाटतो. दोन्ही तंत्रे एकत्र असलेल्या सुरक्षा-सेन्सरमध्ये दोघांची संमती लागते, त्यामुळे खोटे इशारे घटतात. दिव्यासाठी मात्र दोघांपैकी एकाचा होकार पुरेसा असावा, नाहीतर वाचत बसलेल्या माणसाचा दिवा विझतो.

३. संपर्काची दिशा

सुरक्षा-सेन्सरला साधारणतः १२ व्होल्ट डीसी लागतो. त्याच्या टर्मिनलवर पुरवठ्याच्या दोन जागा, इशाऱ्याच्या रिलेच्या दोन आणि टॅम्परच्या, म्हणजे झाकण उघडल्यास सुटणाऱ्या संपर्काच्या, दोन अशा सहा जागा असतात. म्हणून सहा कोअरची केबल टाकणे सोयीचे.

इशाऱ्याचा संपर्क एनसी, म्हणजे शांत स्थितीत बंद असतो. हालचाल झाली, वायर तुटली किंवा पुरवठा गेला, तरी परिपथ उघडतो आणि पॅनेलला कळते. एनओ, म्हणजे शांत स्थितीत उघडा असणारा, संपर्क रेझिस्टरशिवाय जोडला, तर तुटलेली वायर आणि शांत खोली यांत पॅनेलला फरक करता येत नाही.

४. रेझिस्टर कुठे आणि का

केवळ एनसी परिपथात एक छिद्र उरते. वाटेत दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तर परिपथ कायमचा बंद राहतो आणि सेन्सर आंधळा होतो. याला उपाय ईओएल रेझिस्टर, म्हणजे वायरच्या टोकाला बसवायचा रेझिस्टर.

दोन रेझिस्टरांची रचना सर्वांत बोलकी आहे. प्रत्येकी २.२ किलोओहमचे दोन रेझिस्टर घेऊ. एक इशाऱ्याच्या संपर्काला समांतर जोडायचा, दुसरा टॅम्परसह एकसरीत. मग पॅनेलला चार अवस्था दिसतात : २.२ किलोओहम म्हणजे शांत, ४.४ म्हणजे हालचाल, शून्य म्हणजे तारा चिकटल्या, आणि अमर्याद रोध म्हणजे वायर तुटली किंवा झाकण उघडले. रेझिस्टरचे नेमके मूल्य पॅनेलच्या माहितीपुस्तिकेनुसार घ्यावे.

रेझिस्टर सेन्सरच्या झाकणातच बसवावेत. घाईत ते पॅनेलच्या पेटीत बसवले जातात आणि मोजमापही बरोबर येते. पण मग वाटेतला शॉर्ट रेझिस्टरच्या पलीकडे राहतो, आणि ज्या केबलवर लक्ष ठेवायचे तीच नजरेबाहेर जाते.

५. दिव्यांसाठीचा सेन्सर

दिव्यांसाठी मिळणारे सेन्सर निराळे असतात. २३० व्होल्टवर चालणाऱ्याची आउटपुट वायर पॅनेलच्या झोनला, म्हणजे सेन्सर जोडायच्या जागेला, कधीही लावू नये. पॅनेल जळेल आणि हाताळणाऱ्याच्या जिवालाही धोका. २४ व्होल्टचे सेन्सर बहुधा तीन वायरींचे असून माणूस दिसला की तिसरीवर व्होल्टेज देतात. झोनला मात्र ड्राय कॉन्टॅक्ट हवा, म्हणजे स्वतःचे व्होल्टेज नसलेला संपर्क. म्हणून मध्ये २४ व्होल्टचा रिले घालून त्याचा संपर्क झोनला द्यावा.

येथे एक सूक्ष्म फरक आहे. अशा सेन्सरचा पुरवठा गेला की रिले सुटतो आणि पॅनेल ‘खोली रिकामी’ असे वाचते. बिघाड शांततेचा वेश घेतो. म्हणून असा सेन्सर दिव्यांच्या सोयीला जोडावा, पहाऱ्याला नाही.

६. पुरवठ्याचा हिशेब

७/०.२ मिमीच्या (प्रत्येक तारेत ०.२ मिमीचे सात धागे असलेल्या) केबलचा रोध एका तारेला मीटरमागे सुमारे ०.०८ ओहम असतो. ५० मीटर अंतरावर जाऊन-येऊन ८ ओहम. शेवटी पाच सेन्सर असतील आणि प्रत्येकाला २० मिलिअँपिअर लागत असतील, तर ०.८ व्होल्टची घट होते. मुख्य वीज असताना ती खपते, पण बॅटरी उतरू लागली की शेवटचे सेन्सर आधी डळमळतात.

१२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची नवी बॅटरी ३५० मिलिअँपिअर साधारण २० तास देते. जुनी होईल तशी ही मुदत आटते. जिथे भारनियमन लांबते, तिथे हा आकडा खरेदीपूर्वी काढावा.

केबल वीजवाहिन्यांच्या पाइपातून नेऊ नये. ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडावे. केबलसाठी पाडलेले भोक सिलिकॉनने बुजवावे. आत शिरलेली पाल किंवा मुंगी भिंगाजवळ फिरली तरी खोटा इशारा वाजतो.

७. हालचालीकडून उपस्थितीकडे

सेन्सर फक्त हालचाल सांगतो. उपस्थिती हा पॅनेलने काढलेला निष्कर्ष असतो. सर्वांत साधा नियम वेळेचा : प्रत्येक हालचालीला घड्याळ पुन्हा सुरू, आणि दहा-पंधरा मिनिटे शांतता राहिली की दिवा बंद.

एकच दार असलेल्या स्नानगृहासाठी अधिक चांगला नियम आहे. दाराला चुंबकीय संपर्क लावावा. दार बंद झाल्यानंतर आत हालचाल दिसली, तर दार पुन्हा उघडेपर्यंत माणूस आतच आहे असे मानावे, मग तो कितीही निश्चल असो. दार मिटून दोन मिनिटे काहीच हलले नाही तरच खोली रिकामी. दार उघडे असेल तेव्हा वेळेच्या नियमावर परतावे.

याच नियमाला एक मर्यादा जोडता येते : आत कोणी आहे, पण बराच वेळ हालचाल नाही, तर घरच्यांना सूचना जावी. एकट्या राहणाऱ्या आईवडिलांच्या घरी हे फार मोलाचे आहे, कारण कॅमेरा जिथे लावूच नये तिथेही ही काळजी घेता येते. अर्थात शेजाऱ्याच्या रोजच्या हाकेची जागा ती घेऊ शकत नाही.

८. तपासणी

जोडणी पूर्ण झाल्यावर प्रथम झोनची वायर पॅनेलपासून सोडवून मल्टिमीटरने रोध मोजावा. मग ती परत जोडून मुख्य वीज बंद करावी आणि केवळ बॅटरीवर सर्वांत दूरच्या सेन्सरवरचे व्होल्टेज पाहावे. त्यानंतर मुद्दाम एक वायर सोडावी, दोन तारा सेन्सरपाशी जोडाव्यात, झाकण उघडावे. प्रत्येक वेळी पॅनेलने योग्य अवस्था दाखवली पाहिजे. शेवटी रात्री, पंखा चालू ठेवून, नेहमीच्या वाटेने चालून पाहावे.

९. निष्कर्ष

दोन प्रश्नांचे भांडण येथे मिटते. चार अवस्था वेगळ्या ओळखणाऱ्या पॅनेलला वायर तुटल्याचे समजले, की सुरक्षेचा नियम तिला इशारा मानतो आणि दिव्याचा नियम तिला ‘माणूस आत असू शकतो’ असे वाचून दिवा चालू ठेवतो. बिघाड एकच असतो, पण त्याचे दोन अर्थ लागतात आणि दोन्ही घरातल्या माणसाच्या बाजूचे असतात. ही सोय सेन्सरच्या झाकणात बसवलेल्या दोन छोट्या रेझिस्टरांमुळे मिळते. भिंत बुजवण्यापूर्वी ते जागेवर आहेत ना, एवढे वायरमनसोबत उभे राहून स्वतः पाहावे.