निळ्या अक्षरातली पत्रं

परवा जुन्या मेल आवरताना बाबांची २००१ सालची पत्रं सापडली. ते तेव्हा सांगलीत, मी न्यू जर्सीत. उघडली तर काय, नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं! रंग मात्र जसाच्या तसा. सगळा मजकूर गडद निळा आणि पहिला शब्द ठळक लाल. तो शब्द म्हणजे माझं नाव असणार, एवढं कळलं. पुढचं काहीच लागेना.

असं का व्हावं? ई-मेलचा १९८२ चा नियम साध्या इंग्रजी अक्षरांपुरताच होता. १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ आणलं, आणि मेलमधून चित्रं, इतर लिप्या, ठळक-तिरपी अक्षरं पाठवायची सोय झाली. पुढे एचटीएमएल मेल आली नि फॉन्ट, रंग, आकार सगळंच निवडता येऊ लागलं. पण मेलबरोबर जायचं ते फॉन्टचं नुसतं नाव. फॉन्ट स्वतः समोरच्याच्या संगणकावर असावा लागे.

इंग्रजीचं त्याने फारसं बिघडत नाही. अक्षराचं वळण बदलतं, इतकंच. आपल्याकडे तेव्हा शिवाजी, शुषा, कृतिदेव असे फॉन्ट चालत. त्यांत इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा बसवलेला, आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. फॉन्ट गेला की मराठीच गेली!

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. विंडोज २००० सोबत मंगल फॉन्टही आला होता. पण बाबांच्या सायबर कॅफेत विंडोज ९८. त्यांनी तरी काय करावं? पहिल्या मेलला त्यांनी फॉन्ट जोडून पाठवला होता. मी तो बसवला, आणि संगणक बदलताना साफ विसरले. ती पहिली मेल आता सापडत नाही. आणि विचारायला बाबाही नाहीत.

शेवटी दादाकडच्या एका जुन्या सीडीवर तो फॉन्ट मिळाला. पत्रांत विशेष असं काही नव्हतं. पाऊस, कृष्णेचं पाणी, आईची गुडघेदुखी. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच प्रश्न, तिकडे अक्षरं नीट दिसतात ना?

दिसली हो बाबा.

एकूण चौदा पत्रं आहेत. रोज एक युनिकोडमध्ये टाइप करून ठेवते आहे. रंग मात्र निळाच ठेवलाय.