कॉम्प्युटर सारखा हँग होतोय? पार्ट बदलण्याआधी दोष कुठं आहे ते बघा

विहिरीवरची मोटार पाणी उचलत नसली की आपण लगेच नवी मोटार आणायला जात नाही. आधी फ्यूज बघतो, मग स्टार्टर, मग केबल, मग फूटव्हॉल्व्ह. घरातला कॉम्प्युटर हँग व्हायला लागला की मात्र तो तसाच उचलायचा, तालुक्याला न्यायचा आणि दुकानदार म्हणेल तेवढे पैसे देऊन यायचं, अशी आपली पद्धत.

मीही तेच केलं होतं. मुलीचा महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना कॉम्प्युटर एका संध्याकाळी तीनदा थिजला. दुकानात नेला, त्यांनी फॉरमॅट मारून विंडोज नवीन टाकून दिलं. चार दिवस बरा चालला, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. परत गेलो तर म्हणाले, मदरबोर्ड गेला, आता नवीनच घ्या. आणि पहिल्या फॉरमॅटमध्ये माझे चार वर्षांचे बातम्यांचे फोटो उडाले, ते घरी आल्यावर कळलं. दोष शेवटी निघाला रॅमच्या एका पट्टीत.

म्हणून पहिलं काम हे करा. कॉम्प्युटर जेवढा वेळ चालतोय तेवढ्यात फोटो, मुलांची कागदपत्रं, सातबाराच्या पीडीएफ पेनड्राइव्हवर घ्या. बाकी सगळं नंतर. फॉरमॅटनं बिघडलेलं विंडोज दुरुस्त होतं, बिघडलेला पार्ट होत नाही.

हँग कसा होतो, ते वहीत लिहा

अडकला की कीबोर्डवरचं कॅप्स लॉकचं बटण दाबा. दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर मशीन आतून जिवंत आहे. एखादं सॉफ्टवेअर नाहीतर हार्ड डिस्क त्याला अडवतेय. दिवाही हलत नसेल, माऊसही मेला असेल, तर बहुतेक वेळा रॅम, उष्णता, वीज किंवा बोर्ड यातलं काहीतरी असतं. हे पक्कं प्रमाण नाही, पण दिशा कळते.

मग बघा, कधी होतं? चालू केल्यावर वीस मिनिटांनी, दुपारच्या उकाड्यात होत असेल तर उष्णतेचा संशय घ्या. संध्याकाळी लाइट डिम झाल्यावर होत असेल तर विजेचा. फाइल उघडताना अर्धा मिनिट थांबून परत चालू होत असेल तर डिस्कचा. कसलाच नेम नसेल तर रॅमकडं बघा.

उष्णता आणि धूळ

आपल्याकडं हे फार. सोयाबीनची मळणी झाली की ती बारीक धूळ घरात सगळीकडं बसते, कॅबिनेटमध्ये तर थर साचतो. मी एकदा पंख्यात अडकलेली पाल काढली आहे. प्लग काढा, पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज जाईल, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, मग झाकण उघडा. रंगाच्या कोरड्या ब्रशनं धूळ झाडा. पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, ती जोरात फिरू देऊ नका. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, त्यात पाणी असतं. मशीन चालू केल्यावर प्रोसेसरवरचा पंखा फिरतोय ना, हे डोळ्यांनी बघा. बायोसमध्ये गेल्यावर तापमान दिसतं. काहीच काम नसताना ते 80-90 अंशांकडं जात असेल तर पंखा किंवा वाळलेली थर्मल पेस्ट हेच कारण. नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी पुरे.

रॅम: माझा दोष इथं सापडला

आधी विंडोजमधलं मेमरी डायग्नॉस्टिक चालवलं. त्यात काहीच निघालं नाही. ते 'ठीक' म्हणालं म्हणून रॅम ठीक असतेच असं नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मेमटेस्ट86 पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवणं जास्त खात्रीचं. त्यात एक जरी चूक दिसली तरी काहीतरी आहे.

पुढं हार्ड डिस्कची केबल काढली आणि पेनड्राइव्हवरून उबुंटू चालवलं. ते पेनड्राइव्हवरूनच चालतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. तरी हँग झालाच. म्हणजे विंडोजही सुटलं, डिस्कही सुटली.

माझ्याकडं रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. दोन्ही काढल्या, सोनेरी टोकं शाळेच्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसली, भुसा झटकला. मग एकच पट्टी पहिल्या खाचेत लावून दिवसभर चालवली. ठीक. ती काढून दुसरी त्याच खाचेत. तासाभरात हँग. आता खाच वाईट का पट्टी? म्हणून चांगली पट्टी दुसऱ्या खाचेत लावली. ठीक चालली. दोन्ही खाचा चांगल्या, म्हणजे दुसरी पट्टीच खराब. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर बरा कशानं झाला ते कळत नाही.

हार्ड डिस्क आणि वीज

अडकल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्के आणि प्रोसेसर निवांत, असं सारखं दिसत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर लावा. 'कॉशन' किंवा 'बॅड' आलं की आधी डेटा काढा. चेकडिस्क वगैरे नंतर, कारण मरत्या डिस्कला तो ताण झेपेलच असं नाही. डिस्क बदलायच्या आधी तिची साटा केबल बदलून बघा, ती स्वस्त असते.

विजेचा संशय असेल तर एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला पॉवरचा डबा. मशीन चालू असताना पिवळ्या वायरवर मल्टिमीटरनं 11.4 ते 12.6 व्होल्ट, लाल वायरवर 4.75 ते 5.25 व्होल्ट यायला पाहिजेत. मोजता येत नसेल तर ओळखीच्या माणसाचा चालू डबा एक दिवस लावून बघा. तो डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जबरदस्त झटका देण्याइतकी वीज राहते. घराचं अर्थिंगही तपासून घ्या.

मदरबोर्डचा नंबर सगळ्यात शेवटी. त्यावरचे गोल कपॅसिटर डोक्याला फुगलेले किंवा गळलेले दिसले तर बोर्ड गेला म्हणा. तसं काही नसेल तर वरचं सगळं तपासून झाल्यावरच दुकानदाराचं ऐका, आणि वही सोबत न्या.

रॅम घ्यायला जाताना जुनी पट्टी खिशात घालून न्या. डीडीआर3 च्या खाचेत डीडीआर4 बसत नाही, मधली फट वेगळ्या ठिकाणी असते. जोर लावून बसवायला गेलात तर मात्र मदरबोर्ड खरोखरच जाईल.