अमेरिकेचा अर्धा डॉलर : संचाची निवड व जुळणी

नाणकशास्त्रांत ‘संच’ हा शब्द फार सैल वापरला जातो. एकाच नांवाचीं व एकाच किंमतीचीं नाणीं सालवार ओळीनें लावलीं कीं त्यास संच म्हणावयाचें, अशी रूढि पडली आहे. पोथ्यांच्या संग्राहकास ही व्याख्या पटणें कठीण. एकाच ग्रंथाच्या शंभर प्रती कपाटांत असल्या म्हणून त्याचा पाठ निश्चित होत नाहीं. कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली, कोठें ओळ गळली, कोठें हरताळ लागली, हें ठरल्यावरच त्या शंभरांतील आठदहा प्रती बोलूं लागतात. हाच न्याय नाण्यांस लावावा असें आमचें मत आहे. व तो कसा लावावा हें दाखविण्यासाठीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा अर्धा डॉलर येथें घेतला आहे. परक्या देशाचें नाणें घेण्याचें कारण इतकेंच कीं, त्याच्या बाबतींत कायद्याचें कलम, टांकसाळीचा हिशेब व प्रत्यक्ष नाणें हीं तिन्ही साधनें शाबूत आहेत. आपल्या शिवराईच्या किंवा अंकुशी रुपयाच्या बाबतींत तिहींचा असा मेळ क्वचितच पडतो.

या नाण्याचा संच जुळविण्याच्या तीन रीति प्रचारांत आहेत. पहिली सालवारीची. वाइनमन या शिल्पकारानें घडविलेल्या, चालत्या स्वातंत्र्यदेवीच्या मालिकेंत (१९१६ ते १९४७) साल व टांकसाळ मिळून ६५ नाणीं होतात. १९२१ सालीं फिलाडेल्फियास २,४६,००० व डेन्व्हरास २,०८,००० इतकींच पाडलीं गेलीं. म्हणून त्या एका सालापायीं संग्राहक वर्षानुवर्षें अडून बसतो. नाणें दुर्मिळ खरें. परंतु १९२० च्या नाण्याहून अधिक असें तें कांहींच सांगत नाहीं.

दुसरी रीति स्मारक नाण्यांची. हिच्याविषयीं आम्हांस थोडें कठोर बोलणें भाग आहे. १८९२ सालीं शिकागोच्या प्रदर्शनासाठीं कोलंबसाच्या मुखवट्याचा अर्धा डॉलर निघाला व तो एक डॉलरास विकला गेला. सत्कार्यास वर्गणी, इतकाच त्याचा अर्थ. पुढें मात्र हा धंदा झाला. १९३६ सालीं, सिन्सिनाटी हें संगीताचें केंद्र झाल्यास पन्नास वर्षें झालीं असें निमित्त काढून तीन टांकसाळींतून ५,००० संच काढण्यांत आले. १८८६ सालीं त्या शहरीं संगीताच्या इतिहासांत नोंदण्याजोगें असें कांहीं घडलेंच नव्हतें. नाण्यावर ज्या स्टीफन फॉस्टराचा मुखवटा आहे, तो गीतकार तर १८६४ सालींच वारला होता. ऑरेगॉनच्या मार्गाचें नाणें १९२६ पासून १९३९ पर्यंत मधूनमधून निघतच राहिलें. चित्र तेंच, केवळ साल व टांकसाळीचें अक्षर नवें. १८९२ पासून १९५४ पर्यंतचे स्मारक अर्धे डॉलर चित्रांनीं ४८ प्रकारचे; पण साल व टांकसाळ यांची भर घालून ते १४२ झाले. १९३९ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनेंच जुन्या परवानग्यांवर असलीं नाणीं पाडणें बंद केलें. ज्या पोथीची पुष्पिका विकणाऱ्यानेंच रचली, तिच्या चौदा प्रती मिळविण्यांत कोणता पुरुषार्थ?

तिसरी रीति चित्रप्रकारांची. १७९४ सालच्या मोकळ्या केसांच्या देवीपासून १९६४ सालीं आलेल्या केनेडींच्या मुखवट्यापर्यंत प्रत्येक चित्राचें एकेक नाणें घ्यावयाचें. ही रीति पहिल्या दोहोंहून उत्तम. परंतु तींत १७९६–९७ च्या प्रकाराचीं सगळीं मिळून ३,९१८ नाणीं पाडलेलीं असल्यामुळें तो एक खण बहुतेकांचा जन्मभर रिकामा राहतो. शिवाय चित्र हें नाण्याचें वस्त्र आहे. तें कां पालटलें याचें उत्तर पुष्कळदां एवढेंच असतें कीं, टांकसाळीचा मुख्य खोदणारा पालटला.

आमची सूचना अशी कीं, वजन व कस हें सूत्र धरावें.

२ एप्रिल १७९२ च्या कायद्यानें डॉलराची किंमत त्या वेळीं चालू असलेल्या स्पॅनिश डॉलरावर बसविली व अर्ध्या डॉलराचें वजन २०८ ग्रेन ठरविलें. कस मोठा चमत्कारिक : १६६४ भागांत १४८५ भाग शुद्ध चांदी. गणित केल्यास अर्ध्या डॉलरांत शुद्ध चांदी १८५ पूर्णांक पांच अष्टमांश ग्रेन येते. आतां १८ जानेवारी १८३७ चा कायदा पाहावा. त्यानें वजन सव्वादोनशें सहा नव्हे, तर दोनशें सव्वासहा ग्रेन केलें व कस दहांत नऊ भाग ठरविला. वरवर पाहतां नाणें हलकें झालें. परंतु दहांत नऊ या मानानें शुद्ध चांदी पुन्हां १८५ पूर्णांक पांच अष्टमांश ग्रेनच भरते! म्हणजे कमी झालें तें फक्त तांब्याचें हीण. राजानें नाणें खोटें केलें कीं नुसता हिशेब सोपा केला, हा प्रश्न आपल्याकडील नाण्यांच्या अभ्यासांतही वारंवार उभा राहतो. केवळ तराजूवर विसंबणाऱ्यानें हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

खरी कपात पुढें झाली. कॅलिफोर्नियांत सोनें निघूं लागल्यावर सोन्याच्या मानानें चांदी महाग झाली; चांदीच्या नाण्यांत दर्शनी किंमतीहून अधिक धातु भरूं लागला, व तीं वितळविलीं किंवा परदेशीं धाडलीं जाऊं लागलीं. तेव्हां २१ फेब्रुवारी १८५३ च्या कायद्यानें वजन १९२ ग्रेनांवर आणलें. जुनें व नवें ओळखूं यावें म्हणून सालाच्या दोहों बाजूंस बाण व मागील बाजूस गरुडाभोंवतीं किरण कोरले. किरण एका वर्षांतच गेले. बाण १८५५ पर्यंत राहिले व मग तेही काढले. वजन मात्र १९२ च राहिलें. पुढें १२ फेब्रुवारी १८७३ च्या कायद्यानें मेट्रिक मान घेऊन अर्धा डॉलर साडेबारा ग्रामांचा केला, म्हणजे वजन एका ग्रेनाहून किंचित् कमी इतकें वाढलें. व १८७३–७४ च्या नाण्यांवर पुन्हां तेच बाण आले. एकदां बाण म्हणजे घट, एकदां बाण म्हणजे वाढ! एकाच चिन्हाचे दोन उलट अर्थ प्रसंगावरून लावावे लागतात, हें कोणाही टीकाकारास नवें नाहीं.

साडेबारा ग्राम व दहांत नऊ कस हें मान तब्बल १९६४ पर्यंत टिकलें. १९६५ सालीं चांदीच्या टंचाईमुळें लहान नाण्यांतून ती अजीबात गेली. अर्ध्या डॉलरांत शेंकडा ४० उरली व वजन साडेअकरा ग्राम झालें. १९७१ पासून चलनी नाण्यांतील तीही गेली, आणि तांबें व निकेल यांचें ११·३४ ग्रामांचें नाणें निघूं लागलें.

सारांश, कायद्याचीं मानें सहा. म्हणून संच सहा नाण्यांचा. निवड करतांना पुढील धोरण ठेवावें.

पहिल्या मानासाठीं १७९४ च्या नाण्यामागें धांवूं नये. जॉन राइखनें घडविलेला टोपीवाल्या देवीचा प्रकार (१८०७ ते १८३६) घ्यावा. १८०४ नंतर १८३६ पर्यंत डॉलराचें नाणें चलनासाठीं पाडलेंच नाहीं, त्यामुळें अर्धा डॉलर हेंच चांदीचें सर्वांत मोठें नाणें होतें. पेढ्यांनीं तें ठेवीदाखल तिजोरींत ठेविलें, व पिशवींतून पिशवींत इतकाच त्याचा प्रवास झाला. म्हणून सव्वादोनशें वर्षें होत आलीं तरी न झिजलेलीं नाणीं आजही मिळतात. याच्या कडेवर ‘फिफ्टी सेंट्स ऑर हाफ अ डॉलर’ अशीं अक्षरें आहेत. त्या काळीं ठशावरील तारे, अक्षरें व आंकडे एकेक करून हातानें ठोकीत, त्यामुळें दोन ठसे हुबेहूब सारखे नसत. ओव्हर्टन यांनीं १९६७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या ठशांची छाननी आहे. लेखनिकांचे हात ओळखण्याची संवय असलेल्या वाचकास हा भाग विशेष गोड लागेल. (तिजोरींतल्या नाण्याचें भाग्य नेहमींच असें नसतें. १९१८ च्या पिटमन कायद्यान्वयें सुमारें २७ कोटी डॉलर वितळविले गेले व त्यांतील बहुतेक चांदी हिंदुस्थानांत रुपयांसाठीं आली. पंचम जॉर्जच्या त्या सुमाराच्या रुपयांत अमेरिकेचा डॉलर मुरलेला असणें अगदीं शक्य आहे.)

दुसऱ्या मानासाठीं बसलेल्या देवीचें १८४० ते १८५२ मधील कोणतेंही स्पष्ट नाणें चालेल. तिसऱ्यासाठीं १८५३ चेंच, बाण व किरण दोन्ही असलेलें घ्यावें. फिलाडेल्फियाच्या टांकसाळींत तें ३५ लाखांवर पाडलें गेलें. चौथ्यासाठीं १८७३ चें बाणांचें. पांचवें व सहावें यांविषयीं अधिक लिहिण्याचें प्रयोजन नाहीं.

या सहांस जोड म्हणून सातवें एकच नाणें घ्यावें; तें म्हणजे न्यू ऑर्लिअन्सच्या टांकसाळीचें १८६१ चें. मागील बाजूस गरुडाखालीं त्या टांकसाळीचें ‘ओ’ अक्षर असतें. त्या वर्षीं तेथें २५,३२,६३३ अर्धे डॉलर निघाले. पैकीं ३,३०,००० जानेवारींत संयुक्त सरकारच्या अमलाखालीं. लुइझियाना संस्थान २६ जानेवारीस फुटून निघाल्यावर १२,४०,००० त्या संस्थानाच्या अमलाखालीं. व उरलेले ९,६२,६३३ दक्षिणेच्या बंडखोर संघराज्याच्या अमलाखालीं. तीन सत्ता, परंतु ठसे तेच. बंडखोरांनीं पाडलेल्या नाण्यावरही ‘युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका’ हींच अक्षरें! नाण्यावरील नांवावरून राज्यकर्ता ठरविणाऱ्यांनीं येथें क्षणभर थांबावें. शहा आलमच्या नांवानें कोणीं कोणीं रुपये पाडले हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस याचें आश्चर्य वाटणार नाहीं.

मग हीं तीन राज्यें निरनिराळीं कशीं करावीं? बंडखोर सरकारनें स्वतःचें चिन्ह असलेला मागील बाजूचा एक ठसा खोदविला होता. त्यावर सात तारे असलेली ढाल व भोंवतीं कापूस आणि ऊंस यांची माळ आहे. त्यानें अवघीं चार नाणीं पाडलीं गेलीं. पुढची बाजू मात्र टांकसाळींतील नेहमींच्याच एका ठशाची, व त्या ठशास देवीच्या नाकापासून कडेपर्यंत गेलेली एक बारीक भेग आहे. तीच भेग ज्या साध्या १८६१ च्या नाण्यावर दिसते, तें त्याच अमदानींतील धरतात. एका भेगेवरून दुसरी, अशी ठशांची वंशावळ अभ्यासकांनीं लाविली आहे. १८६५ सालीं बुडालेल्या ‘रिपब्लिक’ नांवाच्या जहाजाचा २००३ सालीं शोध लागून त्यांतील या सालाचीं पुष्कळ नाणीं हातीं आलीं, त्यामुळें या कामास मोठें साहाय्य झालें.

येथेंच एक अपकृत्य नमूद करणें अवश्य आहे. त्या चार नाण्यांची वार्ता जगास १८७९ सालीं लागली. न्यूयॉर्कचा व्यापारी जे. डब्ल्यू. स्कॉट यानें मूळ ठसा विकत घेतला, १८६१ चे ५०० अर्धे डॉलर जमविले, त्यांची मागील बाजू तासून सपाट केली व तींवर बंडखोरांचा छाप उठविला. हीं पुनर्मुद्रित नाणीं आज मोठ्या किंमतीस विकलीं जातात व कित्येक त्यांस संचाचा मुकुटमणि मानतात. आम्ही तीं संचांत घेऊं नयेत असें म्हणतों. तासलेल्या त्या पांचशें पाठींवर कोणत्या राज्याचे ठसे होते, हें आतां कधींही कळावयाचें नाहीं.

नाणें उजळणें हा त्याच जातीचा, फक्त लहान, अपराध होय. चांदीवर चढलेला राप हा मळ नव्हे. चिंच, राख, खडू किंवा बाजारी अर्क लावून तो काढला म्हणजे वरचा पातळ थर जातो, आणि ज्या बारीक भेगांवर वरील सर्व अनुमान उभें आहे त्याच पुसट होतात. पुसट पोथीवर नवी शाई फिरविणाऱ्यास आपण काय म्हणतों, तें वाचकांस सांगावयास नको. घासून चकचकीत केलेल्या नाण्यापेक्षां काळवंडलेलें, पण अंगची झीज प्रामाणिकपणें दाखविणारें नाणें घ्यावें.

राहतां राहिली परीक्षा. ग्रामाचा शतांश दाखविणारा तराजू जवळ असावा. सहा मानांचीं वजनें ग्रामांत अनुक्रमें १३·४८, १३·३६, १२·४४, १२·५०, ११·५० व ११·३४ अशीं येतात. १८५३ चें न्यू ऑर्लिअन्सचें बाणरहित नाणें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेंच ठाऊक आहे. नंतरच्या सालाचा आंकडा फिरवून कोणीं तें बनविलें, तर १३·३६ च्या जागीं साडेबारा ग्रामांच्या आंतच तें भरेल व लबाडी तत्काळ उघडी पडेल. मात्र १२·४४ व १२·५० यांतील अंतर झिजलेल्या नाण्यांत तराजूनें ठरत नाहीं. तेथें साल व बाण हाच पुरावा धरावा.