मुंबई-न्यूयॉर्क : अंतर एकच, वेळ निराळी

मुंबई आणि न्यूयॉर्क यांमधील हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर चौदा तासांत पार व्हावे. प्रत्यक्षात मुंबईहून जाणारे थेट विमान साधारणतः सोळा तास घेते, तर परतीचा प्रवास चौदा-साडेचौदा तासांत होतो. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे निघालेल्या आईवडिलांना आणि घरच्या आजारपणाची वार्ता कळताच मायदेशी धावणाऱ्या मुलांना हा हिशेब ठाऊक असलेला बरा.

सपाट नकाशावर पट्टी ठेवल्यास रेषा अरबस्तान व उत्तर आफ्रिकेवरून जाते. परंतु पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणल्यास तो पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया, फिनलंड, नॉर्वे आणि आइसलँडवरून जातो. सर्वांत जवळचा मार्ग तोच. मात्र तो नेहमी खुला असतोच असे नाही. २०२२ मध्ये रशियाने अमेरिकी विमानांना, तर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. अशा वेळी वळसा पडतो, इंधन अधिक लागते आणि प्रवास लांबतो.

जाण्या-येण्यातील फरकाचे मुख्य कारण वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वायुप्रवाह वाहतात. अमेरिकेकडे जाताना ते विमानाला अडवतात, तर परतताना पुढे ढकलतात. हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक असतो.

घड्याळाचा हिशेब वेगळा. न्यूयॉर्क भारताच्या मागे हिवाळ्यात साडेदहा तास, तर मार्च ते नोव्हेंबर या काळात साडेनऊ तास असते. उन्हाळ्यात मुंबईहून पहाटे दोनला निघालेले विमान सोळा तासांनी उतरते, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये त्याच दिवशीची सकाळचे साडेआठची वेळ असते. उलट तेथून दुपारी बाराला निघालेला प्रवासी साडेचौदा तासांनी मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला पोहोचतो. म्हणजे परतताना विमानातील वेळ कमी, पण तारीख पुढची.

एअर इंडियाने मे १९६० मध्ये बोइंग ७०७ विमानाने लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा सुरू केली. तिची मुंबईहून विनाथांबा सेवा १ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली. लंडनमार्गे जाताना अंतर जेमतेम दोन-अडीचशे किलोमीटरने वाढते, दुबईमार्गे सुमारे चारशे. खरा वेळ जातो तो विमान बदलण्यात. दोन-तीन तासांच्या मुक्कामाने एकूण प्रवास एकोणीस-वीस तासांचा होतो, आणि पुढचे विमान चुकल्यास अख्खा दिवस हातचा जातो. म्हणून घाईच्या प्रवासात तिकिटाच्या दराबरोबरच मधला थांबा किती तासांचा आहे, हेही पाहावे.