वाळत्या थराची भेग : बेंबळीचे सारवण आणि अजिंठ्याची लाख

बेंबळी परिसरातील काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, यात कोणास नवल वाटत नाही. घर सारवणारी स्त्री मात्र शेणकाल्याचा हात मुद्दाम पातळ ठेवते. जाड थर वाळताना तडकतो, पातळ टिकतो, हे तिला ठाऊक असते. या जाणिवेचे शास्त्रीय स्पष्टीकरण विसाव्या शतकात मिळाले. तिच्याकडे दुर्लक्ष झाल्याची किंमत मात्र १९४८ पर्यंत बेंबळीप्रमाणेच निजामी राज्यात असलेल्या अजिंठ्याने मोजली. प्रस्तुत लेखात या दोहोंचा एकत्र विचार करण्याचा प्रयत्न आहे.

आजच्या भिंतीच्या इमल्शन रंगात पॉलिमरचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडू लागले की कण एकमेकांस भिडतात. त्यांच्या फटींतील उरलेले पाणी त्यांना आत ओढते. फटीची त्रिज्या ५० नॅनोमीटर धरली, तर ही ओढ सुमारे २८ वातावरणदाबांइतकी भरते. थराला आकसायचे असते. पण तळाशी तो भिंतीला चिकटलेला असल्याने आडवा आकसू शकत नाही. म्हणून त्यात ताण साठतो. कण मऊ असतील तर ते दबून फटी बुजवतात व सलग पापुद्रा तयार होतो. कण कठीण असतील तर थर तडकतो.

जाडीचे महत्त्व समजण्यासाठी ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याचा १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेला काचेच्या भंगाविषयीचा निबंध उपयोगी पडतो. भेग वाढण्यासाठी नवे पृष्ठभाग निर्माण करावे लागतात व त्यांचा ऊर्जाखर्च साठलेल्या ताणातून भागतो. थर जितका जाड, तितका हा साठा मोठा. पातळ थरापाशी भेगेचा खर्च भागविण्याइतकी शिल्लकच नसते.

अजिंठ्याच्या कारागिरांनी मातीच्या गिलाव्यात वनस्पतींचे तंतू व भाताचा कोंडा मिसळला होता. आपल्याकडे भिंतीच्या मातीत भुसा घालतात, तेच हे तंत्र. त्यावर पांढरा पातळ हात व मग डिंक-सरसासारख्या बंधकातील रंग. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स (वरील ग्रिफिथशी यांचा संबंध नाही) यांनी १८७२ ते १८८५ या काळात नकला करून घेताना मूळ चित्रांवर वॉर्निश लावले. पुढे हैदराबाद संस्थानाने १९२० मध्ये लोरेन्झो चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. त्यांनी निखळू पाहणारा गिलावा पक्का केला, हे त्यांचे श्रेय नाकारता येत नाही. परंतु चित्रांवर लाखेचे वॉर्निशही चढविले.

लाख म्हणजे कणांचे निलंबन नव्हे, ते द्रावण होय. तरीही द्रावक उडून थर आकसतो आणि पुढे वर्षानुवर्षे ठिसूळ होत जातो. येथे चिकटण्याचा आधार भक्कम दगड नसून दुबळा रंग होता. त्यामुळे भेगाळलेली लाख खालच्या रंगाचे पापुद्रे घेऊन उचलली जाऊ लागली, शिवाय ती पिवळी पडून चित्रेही झाकोळली. हेतू शुद्ध होता, पण माझ्या मते दोष साहित्यापेक्षा अधिक त्या समजुतीचा, की वर चढविलेला थर केवळ राखण करतो, ओढत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांवर ही लाख उतरविण्याचे काम येऊन पडले. लाखेबरोबर रंगही सुटण्याची भीती असल्याने ते कापसाच्या बोळ्याने, बोटभर जागा घेऊन करावे लागते.